मागचा अर्धा

सिग्नल लाल झाला म्हणून जोडकरने गाडी थांबवली, सवयीने वरच्या आरशात पाहिलं, आणि मागच्या सीटवर त्याला पाय दिसले.

नुसते पाय. लहान मुलाचे, गुडघ्यापासून खालचे, सीटवर आडवे सोडलेले. एका पायात पांढरा मोजा, दुसरा उघडा. उघड्या पायाची बोटं झोपेत मिटतात तशी किंचित मिटलेली. पाय कुणाच्या तरी मांडीवर असावेत, कारण त्यांच्याखाली निळ्या कापडाची चूण होती आणि एक हात, तोही लहानच, त्या उघड्या तळव्याला झाकून बसला होता. जोडकरने मान वळवली. मागे सीट होती. जुन्या चामड्याची, तपकिरी, रिकामी, उन्हाची एक तिरपी पट्टी तिच्यावर लोळत पडलेली. त्याने पुन्हा आरशात पाहिलं. आरशात ऊन नव्हतं. आरशात संध्याकाळ होती, आणि पाय होते. सिग्नल केव्हा हिरवा झाला ते त्याला कळलंच नाही. मागच्या टेंपोवाल्याने भोंगा वाजवून वाजवून शेवटी डोकं बाहेर काढलं आणि ओरडला, "ओ काका, झोपलात का?" असला प्रश्न रस्त्यावर कुणीही कुणालाही विचारतो. पण जोडकरच्या पाठीतून तो थंड पाण्यासारखा उतरला, कारण आरशातला तो लहान हात टेंपोवाल्याचा आवाज ऐकून जरासा दचकला होता.

जोडकर हे काही त्याचं आडनाव नव्हे. खरं आडनाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. हे नाव बाजाराने दिलेलं. या देशात परदेशातली जुनी गाडी अख्खी आणता येत नसे. का येत नसे ते विचारण्यात अर्थ नाही. कायदा करणाऱ्यालाही एव्हाना आठवत नसेल. अख्खी आली तर गुन्हा, अर्धी आली तर माल. सुटे भाग म्हणून हवं ते आणा. तेव्हा परदेशातल्या यार्डात गाडी आडवी कापायची, छपरापासून तळापर्यंत, पुढच्या सीटांच्या बरोबर पाठीमागून. दोन्ही तुकडे पेटीत घालून जहाजावर चढवायचे. बंदरावरचा साहेब मधल्या फटीत हात घालणार, हात पलीकडे निघाला की समाधान पावून शिक्का मारणार. आणि मग शहराबाहेरच्या शेडमध्ये तुकडे पुन्हा सांधायचे. यात जोडकरचा हात धरणारं कुणी नव्हतं. माझ्या गाडीच्या छपरावरून मुंगी चालत गेली तरी तिला सांधा लागणार नाही, असं तो गिऱ्हाइकांना सांगे. एकदा एका चिकट गिऱ्हाइकाने खरोखरच काड्यापेटीतून मुंगी आणली. मुंगी छपरावरून तुरुतुरु निघाली आणि सांध्यापाशी येऊन थांबली. "लांबचा प्रवास," जोडकर म्हणाला, "चक्कर आली असेल बिचारीला." गिऱ्हाईक हसलं, सौदा झाला. पण त्या रात्री जोडकरला झोप लागली नव्हती. मुंगी का थांबली, हे त्याला कळलेलं नव्हतं. सांधा हाताला लागत नव्हता, डोळ्याला दिसत नव्हता. मुंगी मात्र थांबली होती.

गाडी शेडकडे वळवताना त्याने आरसा हाताने छताकडे ढकलून दिला. तरीही डोळे तिकडे जायचे ते गेलेच. आरशाची त्याला लहानपणापासूनची ओढ होती, आणि ओढीपेक्षा भीती जास्त. बाप एका कंपनीच्या मोठ्या साहेबांचा ड्रायव्हर होता. साहेब परगावी गेले की बाप गाडी धुवायला न्यायचा आणि जाताना याला बरोबर घ्यायचा. पण सीटवर नाही, खाली, दोन सीटांच्या मधल्या जागेत. "साहेबांच्या सीटला आपला वास लागता कामा नये," बाप म्हणायचा. तिथे बसून याला रस्ता दिसायचा नाही, माणसं दिसायची नाहीत. दिसायची ती बापाची मानगूट, तिच्यावर कॉलरने पाडलेली घामाची रेघ, आणि वर आरशात बापाचे डोळे. बाप मागे न वळता बोलायचा. "बरा आहेस ना रे?" डोळे विचारायचे. "बरा आहे," हा आरशाला सांगायचा. पुढे बाप गेला, त्यालाही आता किती वर्षं झाली. पण बापाचा चेहरा आठवायचा म्हटलं तर अख्खा कधी आठवत नाही. नाक नाही, तोंड नाही, हनुवटी नाही. डोळ्यांची एक आडवी पट्टी तेवढी आठवते, कापून ठेवल्यासारखी.

शेडमध्ये मिस्त्री गाडीची वाटच बघत होता. मिस्त्री म्हणजे सांधकाम करणारा, जोडकरपेक्षा वयाने मोठा, तोंडाने त्याहून मोठा.

"लागले का मागचे दिवे?"

"कुठले दिवे?"

"अहो, ब्रेकचे! त्यासाठीच तर चक्कर मारायला पाठवलं तुम्हाला. मघाशी इथे दाबून दाबून पाय दुखला माझा. मागचे दिवे पुढच्याचं ऐकायलाच तयार नाहीत. सासू-सुनेसारखं चाललंय दोघांचं."

जोडकर उतरला. गाडी बाटलीसारख्या गर्द हिरव्या रंगाची, लांब नाकाची, उभी राहिली की आजूबाजूच्या गाड्या खेळण्यातल्या वाटाव्यात अशी. त्याने मागचं दार उघडलं, सीटवर हात ठेवला. चामडं उन्हाने तापलेलं होतं. "मिस्त्री," तो म्हणाला, "पेटीत या मॉडेलच्या दोन गाड्या होत्या ना? दोन्ही हिरव्या?"

"होत्या की. एक ही, एक हॉटेलवाल्याची."

"खुणा बघून जोडल्यास ना?"

मिस्त्रीने उत्तर द्यायच्या आधी हात पुसले. हात आधीच कोरडे होते. "खुणा कुठे होत्या? बंदरावर धुतलं ना सगळं."

तेव्हा जोडकरला आठवलं. परदेशातली माती देशात येता कामा नये, असाही एक नियम होता. मातीतून कीड येते, कीड पिकात जाते. म्हणून बंदरावर नळी लावून चाकं, तळ, कानेकोपरे, सगळं धुऊन काढत. यार्डातल्या माणसाने दोन्ही तुकड्यांवर खडूने खूण केलेली असे, एका गाडीवर फुली, दुसरीवर गोल. एरवी खूण छपराच्या आत असे. या वेळी त्याने ती बाहेरून केली होती, आणि सरकारने मातीबरोबर ती धुऊन टाकली होती.

"मग कशावरून जोडलंस?"

"अंदाजाने," मिस्त्री म्हणाला. "रंग एक, साल एक, चामडं एक. फरक काय पडतो? नंबराची पट्टी पुढे, इंजिन पुढे, कागद पुढच्याचा. मागचं काय, मागचं ते मागचं." आणि मग आवाज खाली आणून, "वायरींचे रंग मात्र जुळत नव्हते. पुढे हिरवी, तर मागे करडी. मला वाटलं, मधे कुणीतरी बदलल्या असतील."

मिस्त्रीला रागवावं असं जोडकरला वाटलं नाही, कारण धंद्यात सगळे असंच म्हणत. तोही म्हणे. इंजिनाजवळची पितळी पट्टी ज्या तुकड्याला, तीच गाडी. उरलेला तुकडा भंगार. पण या गाडीची मालकीण ज्या दिवशी आली होती, त्या दिवशी तिने पितळी पट्टीबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं, हे त्याला आता, शेडच्या दारात उभं असताना, नको तेवढं स्पष्ट आठवलं. मालकीण निवृत्त न्यायाधीश होती. सगळे तिला जजबाई म्हणत. उंच, ताठ, पांढरे केस कातरलेले. खुर्चीत अशी बसायची की समोरच्याला आपण उभं राहावं असं वाटे. लहानपणी वडिलांच्या नोकरीमुळे ती परदेशात होती. वडिलांनी जपून ठेवलेल्या विम्याच्या कागदावरून तिने तीच गाडी, तशी दुसरी नव्हे, तीच, शोधून काढली होती. जोडकरने घसा खाकरून कापण्याचा विषय काढला होता. कायद्याच्या माणसासमोर कायद्याची पळवाट सांगताना जीभ जड होते. ती मात्र शांतपणे म्हणाली होती, "कुठून कापणार?"

"पुढच्या सीटांच्या मागून, बाई."

"म्हणजे मागची सीट अखंड राहील?"

"अखंड."

"मग पुढचं काय हवं ते करा. मागच्या सीटला हात लावायचा नाही. शिवायची नाही, धुवायची नाही, पुसायचीसुद्धा नाही."

आणि ती उद्या दुपारी गाडी न्यायला येणार होती.

घर शेडच्या वरच होतं. लोखंडी जिना चढून गेलं की एक खोली ऑफिसची, दोन राहायच्या. ऑफिस बायको सांभाळी. टेलिफोन तिचा, तारखा तिच्या, गिऱ्हाइकांच्या शिव्याही तिच्याच. जोडकरने तिच्या हातातून फोन घेतला आणि हॉटेलवाल्याला लावला. हॉटेलवाला खुशीत होता. गाडी हॉटेलच्या दारात उभी असते, लग्नातली जोडपी तिच्यात बसून फोटो काढतात.

"मागची सीट कशी आहे?" जोडकरने विचारलं.

"झकास! क्रीम रंगाचं नवं चामडं घातलं."

"आणि जुनी?"

"कसली जुनी? उंदरांचं बाळंतपण चाललं होतं तिच्यात. माळ्याने काडी लावली मागच्या अंगणात. का हो?"

"काही नाही."

"बरं झालं फोन केलात. तो आरसा तेवढा बदलून द्या ना. काच खराब आहे त्याची. मागे कुत्रं बसल्यासारखं दिसतं सारखं. आमची ही आता गाडीत बसत नाही."

जोडकरने फोन ठेवला. मग बायकोला सगळं सांगितलं. पाय सोडून. पाय सांगायला तोंड उघडलं, पण शब्द सांध्यापाशी आलेल्या मुंगीसारखे थांबले.

"तुम्ही काय करणार आता?" बायको म्हणाली.

"सांगावं म्हणतो."

"कुणाला? जजबाईंना? अहो, आयुष्यभर माणसं आत पाठवलीत त्या बाईने. तुमच्यासाठी वेगळी शिक्षा शोधायला लागणार नाही तिला."

"तिची सीट जळली ग."

"तिला काय कळतंय? तेच चामडं, तोच रंग. म्हाताऱ्या माणसाला बसायला सीट लागते, ती मिळाली. तुम्ही सांगितलंत तर काय मिळेल? सीट परत येईल?" तिने फोन स्वतःकडे ओढून घेतला. "न सांगण्यात दया असते कधी कधी. तुम्हाला ती जमत नाही."

हे तिचं बरोबर होतं, आणि तेच त्याला रात्रभर टोचत राहिलं. न सांगितलं तर बाई परक्या सीटवर हात फिरवत उरलेले दिवस काढेल आणि तिला बरं वाटेल. सांगितलं तर जे तिने शोधून एवढ्या लांबून आणवलं, ते राख झालं हे तिला कळेल, आणि ते कळवणारा आपण असू. शिवाय पाय. ते पाय तिच्या गाडीतले होते, हे त्याला कुणी न सांगता समजलं होतं. पुढचा अर्धा खरा तिचाच होता. आरसा पुढच्या अर्ध्याला होता. आरशाला कुणी सांगितलंच नव्हतं की आपल्याला कापलंय. तो आपलं इमानेइतबारे स्वतःच्या गाडीची मागची सीट दाखवत होता, जळून गेलेली. बापाचे डोळेही असेच कुठल्या तरी काचेत अजून विचारत असतील का, बरा आहेस ना रे? आणि त्या गाडीच्या तळाशी आता कोण बसलेलं असेल?

दुसऱ्या दिवशी जजबाई आली ती एकटीच, टॅक्सीने. गाडीभोवती फिरली नाही, रंगाकडे पाहिलं नाही. सरळ मागचं दार उघडून आत बसली, डाव्या बाजूला, आणि दार लावून घेतलं. जोडकर काचेबाहेर उभा होता. त्याला दिसलं, तिने डोळे मिटले. उजवा हात सीटवर ठेवला, तळवा पालथा, आणि हलकेच मागेपुढे फिरवला, अंधारात कुणाचं अंग चाचपावं तसा. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल पडू लागलं. वर जिन्यात बायको उभी होती आणि त्याच्याकडे बघून मान हलवत होती: नको.

जोडकरने दार उघडलं. "बाई, ही सीट तुमची नाही."

बाईने डोळे उघडले. हात तसाच ठेवला. "पुन्हा सांगा."

त्याने सांगितलं. खडू, नळी, माती, वायरी, हॉटेलवाला, माळी. बाईने मधे मधे प्रश्न विचारले, लहान, कोरडे, कोर्टातल्यासारखे. जळताना कुणी पाहिलं का? सगळी जळाली का? स्प्रिंगा राहिल्या असतील? त्या कुठे आहेत? प्रत्येक उत्तरानंतर तिची मान थोडी खाली गेली.

"तुम्ही सांगितलं नसतंत," शेवटी ती म्हणाली, "तर मला कळलं नसतं."

"नसतं कळलं."

"मग का सांगितलंत?"

मिस्त्री शेडच्या टोकाला उगीचच पाना शोधत होता.

"माझा भाऊ," बाई म्हणाली, पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत, "तापाने फणफणला होता. इस्पितळ लांब होतं. बाबा गाडी चालवत होते, आई घरी धाकट्याजवळ. याचे पाय माझ्या मांडीवर. एक मोजा त्याने लाथा झाडून काढून टाकला होता. त्या पायाला गार वाटू नये म्हणून मी हाताने झाकून धरला होता. अर्ध्या रस्त्यात तो लाथा झाडायचा थांबला. बाबांनी आरशातून विचारलं, 'झोपला का?'" निकाल वाचावा तशी ती बोलत होती. "मी म्हणाले, हो. मला कळलं होतं. तेवढं कळायचं वय होतं माझं. पण बाबांचे डोळे इतके दमलेले होते. मी म्हणाले, हो, झोपला. मग ते सावकाश चालवू लागले, खड्डे चुकवत, त्याची झोप मोडू नये म्हणून. आयुष्यात मी दिलेली पहिली साक्ष ती. खोटी. पुढे माझ्यासमोर हजारोंनी दिल्या, पण तेवढ्या सफाईने खोटी कुणाचीच नव्हती."

जोडकरच्या कानात त्याच्या शेडमधले सगळे आवाज बंद झाले. एक मोजा. त्याला कळलं की आता उरलेलंही सांगावं लागणार, आणि हे सांगणं आधीच्याहून अवघड.

"बाई, पुढे बसून बघा."

"पुढे मी कधी बसले नाही. पुढे बाबा बसायचे."

"म्हणूनच. पुढचा अर्धा तुमचाच आहे. आरसा तुमचा आहे." त्याने आरशाकडे बोट केलं. "काल मला त्यात दिसलं."

कुठल्याही शहाण्या माणसाने, आणि त्यातून न्यायाधीशाने, यावर जोडकरला वेड्यात काढलं असतं. जजबाईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, साक्षीदाराकडे बघावं तसं. पिंजऱ्यातला माणूस खरं बोलतोय की नाही एवढंच बघणारी नजर. मग ती उतरली. पुढचं दार उघडून वडिलांच्या जागी बसली. तिचे पाय खालपर्यंत पोचत होते, याचं तिला नवल वाटल्यासारखं दिसलं.

"तुम्ही मागे बसा," ती म्हणाली. "मी होते तिथे."

जोडकर मागे बसला. आयुष्यात पहिल्यांदा असल्या गाडीच्या मागच्या सीटवर, खाली नव्हे, वर. परकं चामडं त्याच्या वजनाने कुरकुरलं. समोर बाईची मान, पांढऱ्या केसांखाली, सुरकुतलेली. तिने हात वर करून, त्याने काल छताकडे ढकललेला आरसा सावकाश खाली ओढला. आरशात तिचे डोळे आले. तेवढेच, एक आडवी पट्टी. आधी ते त्याच्याकडे बघत होते. मग खाली घसरले, त्याच्या मांडीवर, आणि तिथून उजवीकडे, रिकाम्या सीटवर, कुणाच्या तरी पायांपासून डोक्यापर्यंत हळूहळू सरकत गेले.

"हलू नका," बाई म्हणाली. "तुमच्या मांडीवर आहेत."

जोडकर हलला नाही. त्याने खाली पाहिलं नाही. मांडीवर वजन म्हणावं असं काही नव्हतं. एवढंच की मांडी आता त्याची एकट्याची राहिली नव्हती. त्याने हात उचलला आणि जिथे असायला हवा तिथे, हवेत, अलगद झाकून धरला. हाताखाली गार लागलं.

बाईने दोन्ही हातांनी चाक धरलं. खांदे पुढे झुकले, एखाद्या दमलेल्या पुरुषाचे झुकावेत तसे. आणि आरशातून, मागे न वळता, तिने विचारलं, "झोपला का?"

आवाज तिचाच होता. डोळे कुणाचे होते ते जोडकरला सांगता आलं नसतं. दमलेले होते, आणि त्याने हो म्हणावं म्हणून वाट बघत होते. हो म्हणणं किती सोपं आहे ते त्याला तेव्हा कळलं. जिभेवर तयारच होतं. जिन्यात बायको अजून उभी होती.

"नाही," जोडकर म्हणाला. "गाडी थांबवा."

गाडी चालू नव्हतीच. किल्ली मिस्त्रीच्या खिशात होती. पण बाईचा पाय धसकन ब्रेकवर गेला, आणि मिस्त्रीच्या हातातला पाना फरशीवर पडला. कारण त्या परक्या अर्ध्या भागाचे, काल काही केल्या न लागलेले दोन्ही दिवे लागले होते, आणि शेडची मागची भिंत लालभडक झाली होती.